भावजींनी तारा बदलल्या

माझ्या दिरांना कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ते सांगतात, "दात." बस, एवढंच. समोरचा माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो आणि मग मला मध्ये पडावं लागतं, की अहो, कवळ्या बनवतात ते. डॉक्टर लोक जबड्यांचे साचे पाठवतात, त्यावरून भावजी मेणाच्या हिरड्या करतात, त्यात एकेक दात बसवतात, घासतात, पॉलिश करतात. शिवाय ज्यांची जुनी कवळी सैल झालीय किंवा टोचतेय अशी म्हातारी माणसं थेट त्यांच्याकडे येतात. हा झाला पोटापाण्याचा उद्योग. दुसरा उद्योग, ज्याबद्दल कुणी न विचारताही ते तासभर बोलतात, तो म्हणजे जुन्या बेस गिटारी विकत घेणं, नीट करणं आणि विकणं.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांबलचक दांड्याची गिटार. गाणाऱ्याच्या मागे, ड्रमवाल्याच्या बाजूला एक गंभीर चेहऱ्याचा माणूस उभा असतो, त्याच्या गळ्यात असते ती. तिच्यातून सूर कमी आणि ठोका जास्त येतो, निदान माझ्या कानाला तरी. वाजवणारे तिला नुसतं 'बेस' म्हणतात आणि 'तो' म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते. इतकी वर्षं त्यांच्यात काढल्यावर एवढं तरी यायला हवं.

हा नाद भावजींना लागला तो आमच्याच घरात. आमचे हे पाणीखात्यात होते, घरोघरी जाऊन मीटर वाचायचे. पण शनिवारी संध्याकाळी केस चापून, इस्त्रीचा शर्ट घालून एका हॉटेलच्या बँडमध्ये बेस वाजवायला जायचे. सुरुवातीला मित्राचा मागून आणलेला बेस होता. मग मित्राने तो परत मागितला. नवा घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि हे तोंड पाडून बसलेले. तेव्हा भावजींनी कुठून तरी पत्ता काढून एक जुना बेस आणला. बसमध्ये उभा धरून आणला, कंडक्टरने त्याचंही तिकीट लावलं म्हणे. कोऱ्या चहाच्या रंगाचा, एका कोपऱ्याला टवका उडालेला, आणि वाजवला की खरखर करणारा. मी म्हटलं, झालं, भंगार आलं घरात. भावजींनी माझ्या जेवणाच्या टेबलावर तो उताणा घातला, बटाट्यांची टोपली खाली ठेवली आणि खिशातून दात घासायचा बारीक ब्रश काढला. दांड्याच्या आत एक सळई असते, ती किल्लीने जराशी पिळली की दांड्याचा वाक निघतो. हे त्यांनी तिथेच बसून, कुणी न शिकवता शोधून काढलं. दुपारपर्यंत खरखर गेली. यांनी बेस मांडीवर घेऊन वाजवला आणि दोघे भाऊ एकमेकांकडे बघून असे हसले, की मला आपलं उगाच परक्यासारखं वाटलं.

तेव्हापासून भावजी त्यात जे अडकले ते अडकले. एक घ्यायचा, नीट करायचा, विकायचा, त्या पैशात दुसरा घ्यायचा. स्वतःसाठी एकही ठेवला नाही. वाजवायचे तेही तपासण्यापुरतं, खालून वर आणि वरून खाली, जिना चढून उतरल्यासारखं. यांचं अगदी उलट. त्यांनी आयुष्यभर तो एकच बेस वाजवला. "एक बायको, एक बेस," असं सगळ्यांना सांगायचे. मी विचारायची, हा नंबर असाच लागतो ना? तर म्हणायचे, शनिवार सोडून.

भावजी लग्न न करता राहिले. दातांच्या लॅबवरच्याच खोलीत राहतात. लॅब म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि समोरच्या भिंतीला हुकांवर बेस टांगलेले. मधल्या बाकावर पॉलिशचं चाक, मेणाची वाटी, स्पिरिटचा दिवा, आणि त्यातच कुठेतरी गिटारीचे स्क्रू. एकदा एका म्हाताऱ्याच्या कवळीच्या डबीत स्क्रू गेला होता. म्हातारा भला, तो परत द्यायला आला. सुट्टीच्या दिवशी त्यांचे ते बेसवाले मित्र जमतात. चारचौघं मोठी माणसं, कुणी बँकेत, कुणी सुतार, आणि एकाच जाड आवाजाबद्दल तास न् तास बोलतात. "याचा जरा पिवळसर येतो," असं एक म्हणतो आणि बाकीचे गंभीरपणे मान डोलावतात. आवाज पिवळसर कसा येतो ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगत बसले असते.

एकदा मी त्यांच्याबरोबर खरेदीला गेले होते. बाई बरोबर असली की लोक दार उघडतात, असं त्यांचं म्हणणं. विकणारा तरुण होता, घरात तान्हं बाळ, बाळ नुकतंच झोपलेलं, त्यामुळे आम्ही सगळे कुजबुजत होतो. भावजींनी बेस मांडीवर घेतला. आधी एक डोळा मिटून दांड्यावरून नजर टाकली. मग बटणं हळूहळू फिरवली. आणि मग मान खाली घालून त्याच्या शिंगासारख्या लाकडी टोकाला चक्क दात लावले आणि एक तार छेडली. असं केलं की आवाज मोठा करायचं मशीन न लावता आवाज डोक्यात ऐकू येतो, हाडातून. पण हे त्या घरच्या बाईला कसं कळणार? तिने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काळजी करू नका, दातांचेच आहेत ते." त्याने तिची काळजी आणखीच वाढली असावी.

भावजींनी त्या मुलाला विचारलं, "का विकताय?"

"वेळच मिळत नाही हो आता."

"मिळेल. मिळाला की या. हा असला तर हाच देईन, नाही तर दुसरा."

मग किमतीचं निघालं. तिथे भावजी म्हणजे नुसता आनंद. समोरचा जेवढे म्हणाला त्यापेक्षा जास्त देऊ करायला निघाले होते, मला खोकला काढावा लागला. बेस घेऊन आम्ही निघालो तर तो मुलगा जिन्यापर्यंत पट्टा धरून आला. सोडवत नव्हतं त्याला. भावजी पायरीवर उभे राहिले, घाई केली नाही, त्याने सोडेपर्यंत थांबले.

विकतानाही तसंच. गिऱ्हाईक आलं की आधी खोडी सांगायच्या. हा इथे ठोकला गेलाय, याचं एक बटण मध्येच रुसतं, हा वजनाला जड आहे, तुमची पाठ दुखते का? मी म्हणायची, भावजी, तुम्ही लग्नं जमवायला बसला असता तर गावात एकाचं जमलं नसतं. पण त्यांच्याकडून घेतलेला बेस कुणी रागाने परत आणल्याचं मला आठवत नाही.

आणि त्यांचा एक नियम होता. जुन्या तारांसकट बेस विकायचा नाही. हातात आला की पहिल्यांदा तारा काढायच्या, सगळा मळ घासायचा, नव्या कोऱ्या तारा चढवायच्या. "दुसऱ्याच्या घामावर गिऱ्हाईकाची बोटं लावायची नाहीत," असं म्हणायचे. कवळ्यांचा धंदा ना, स्वच्छता अंगात भिनलेली. यावरूनच दोघा भावांची कायम जुंपायची. यांनी त्या बेसच्या तारा कधी म्हणजे कधीच बदलल्या नाहीत. काळ्या पडल्या होत्या. भावजी म्हणायचे, "दादा, आता तरी बदल रे, बघवत नाही." हे म्हणायचे, "तुटली की बदलतो." आणि ती मेली तुटायची नाही.

बेसचा सराव हे बाहेरच्या खोलीत करायचे आणि मी आत स्वयंपाकघरात असायची. मधे भिंत. त्या भिंतीतून जो आवाज यायचा तो गिटारीसारखा नसायचाच. आखूड, गोल, उशीवर मूठ मारल्यासारखा. धुप, धुप, धुप. मी काही कान देऊन ऐकत नव्हते. माझं कांदा चिरणं, भांडी विसळणं चालायचं. पण बाजारातून येताना जिन्यातच तो आवाज कळला की घरी आल्यासारखं वाटायचं.

हे गेले ते अचानक गेले. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही. लोक आले, बसले, गेले. मुलगी महिनाभर राहिली आणि तिच्या घरी गेली. भावजी दर रविवारी आमच्याकडे जेवायला असायचे, ते यायचे बंद झाले. फोन करायचे, "वहिनी, काही हवंय का?" मी म्हणायची, नको. आणि फोन बंद. वहिनी एकटी असताना कसं जायचं, काय बोलायचं, असं त्यांना वाटत असणार. मलाही त्यांना "या" म्हणायचं सुचलं नाही.

बेस कपाटाशेजारी त्याच्या पिशवीत उभा होता. झाडताना तो रोज हलवावा लागायचा. एक दिवस तो घसरला आणि माझ्या पायावर पडला. आधीच माझ्या नाकावर राग, त्यात अंगठा सुजला. मी तशीच फोनपाशी गेले. "भावजी, हे धूड घेऊन जा आणि विका."

ते म्हणाले, "वहिनी, थोडं थांबू या का?"

"कशासाठी थांबायचं? येणार आहे का कुणी वाजवायला?"

ते आले आणि घेऊन गेले. जाताना दोन्ही हातांनी धरला होता, झोपलेलं मूल नेतात तसा.

मी एकच अट घातली होती की घेणारं माणूस मला बघायचंय, दाखवायचा कार्यक्रम आमच्या घरी करा. त्याप्रमाणे थोड्या दिवसांनी भावजी बेस घेऊन आले, बरोबर छोटं मशीन, आणि मागोमाग गिऱ्हाईक. एक नर्सबाई. लहान मुलांच्या वॉर्डात काम करायची, ड्युटीवरून थेट आली होती, हॉस्पिटलातल्याच मैत्रिणींबरोबर कुठे कुठे वाजवायची. मला पोरगी आवडली. चपला काढून व्यवस्थित बाजूला ठेवल्या तिने. भावजींनी पिशवीची चेन उघडली आणि मी बघतच राहिले. कुठून आणली होती ती चकाकी देव जाणे. कोऱ्या चहाचा रंग असा वर आला होता की खोलीतला दिवा त्यात दिसत होता. दांड्यावरची पट्टी न् पट्टी घासलेली. टवका मात्र तसाच ठेवला होता. इतक्या मायेने त्यांनी कुठलाच बेस घासला नसेल.

रडू नये म्हणून मी आत गेले, कांदा घेतला आणि चिरायला लागले. बाहेर भावजी खोडी सांगत होते. मग त्या मुलीने वाजवायला सुरुवात केली.

टणँग, टणँग. लखलखीत, लांब, घंटेसारखा आवाज. हात चांगला होता तिचा, ते मला कळलं. पण मी सुरी हातात घेऊनच बाहेर आले.

"हा तो नाही," मी म्हटलं. "हा दुसराच कुठला तरी आणलाय तुम्ही."

"वहिनी, तोच आहे. हा बघा टवका."

"मग आवाज काय केलात त्याचा?"

भावजींची नजर तारांवर गेली. त्या क्षणी त्यांना समजलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. मला समजलं नव्हतं, मी आपली सुरी घेऊन उभी. ती नर्सबाईच हळूच म्हणाली, "तारा बदलल्यात का? जुन्या असतील तर आवाज वेगळा येतो. बसका येतो."

"आणि तारा टेकतात त्या पट्टीखाली स्पंजचा तुकडा होता," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "तारांच्या बुडाशी दाबून बसवलेला. कुजला होता. मी काढून टाकला."

तो स्पंज माझ्याच भांड्यांचा होता. नवा आणलेला, अर्धा कापून नेला होता यांनी, आणि मी त्यावरून दोन दिवस बोलत होते. तो तिथे कशाला लागला होता हे मला तेव्हा कळलं. तारांचा गुंजारव दाबायला.

"तारा कुठे आहेत?" मी विचारलं.

"भंगारवाला घेऊन गेला."

त्या मुलीने बेस अलगद पिशवीवर ठेवला, "मी नंतर फोन करते," म्हणाली, आणि गेली. शहाणी पोरगी. ती गेल्यावर मी जे काय बोलले ते बोलले. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की मला थांबता येत नाही. म्हटलं, त्या तारांत त्यांचा सगळा जन्म होता, आणि तुम्ही तो घासून भंगारात घातलात. माझ्याकडे दुसरं काय राहिलं होतं? भावजी मान खाली घालून ऐकत होते. मी विका म्हटलं होतं, म्हणजे तो आवाज तसाही घराबाहेरच जाणार होता, हे त्यांना म्हणता आलं असतं. म्हणाले नाहीत.

माझ्या मुलीला फोन केला, तुझ्याकडे बाबांचं काही आहे का? तिच्याकडे हॉटेलातल्या बँडचं रेकॉर्डिंग निघालं. मी फोन कानाला लावून ऐकलं. गाणारा होता, ड्रम होता, कुणाची तरी प्लेट पडली तीही होती. हे नव्हते. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो आवाज निघतच नाही, असं भावजी नंतर म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आता खरंच गेला.

पुढच्या रविवारी दार वाजलं. भावजी, बेस आणि मशीन.

"वहिनी, मी परत तसा करून बघतो," ते म्हणाले. "पण तुम्हाला ऐकावं लागेल. तो आवाज भिंतीपलीकडून कसा यायचा हे तुम्हालाच माहीत. मी कायम समोर बसलेला."

मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. पण आवाज हवा होता. मी आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि म्हटलं, वाजवा.

भंगारवाल्याकडे ते तीनदा जाऊन आले होते. माल वितळायला गेला होता. मग त्यांनी ओळखीच्या सगळ्या बेसवाल्यांना विचारलं, कुणाकडे मेलेल्या तारा आहेत का? नेहमी लोक त्यांच्याकडून नव्या तारा न्यायचे, आता हे जुन्या मागत फिरत होते. मित्रांनी चेष्टा केली, पण दिल्या. दर रविवारी वेगळा संच. बाहेरून भावजी वाजवायचे, आतून मी सांगायची, "नाही, हा अजून घंटेसारखा आहे." "हा मेलाय अगदी, यांचा एवढा मेलेला नव्हता." "शेवटी काहीतरी लांबतंय." ते "बरं" म्हणायचे आणि काहीतरी कापायचे, दाबायचे, पिळायचे. कवळीवाल्या म्हाताऱ्यांशी बोलतात त्याच आवाजात विचारायचे, "आता कुठे लागतंय?" चिडायचे नाहीत. मीच चिडायची. एकदा तर म्हटलं, राहू द्या, तुमच्याच्याने होणार नाही. ते पुढच्या रविवारी आले.

स्पंजचेही प्रकार झाले. जाड, पातळ, ओला करून वाळवलेला. शेवटी मी भांड्यांचा एक जुना, झिजलेला काढून दिला, तो बसला. असं होता होता बोलणंही सुरू झालं. वाजवून झाल्यावर जेवायची वेळ झालेली असायची. माणसाला उपाशी कसं पाठवायचं?

मग त्या नर्सबाईचा भावजींना फोन आला. बेस विकताय का, म्हणून नाही. तिचे बेस शिकवणारे सर होते, फार म्हातारे, बोटं वाकडी झाल्यामुळे वाजवणं सुटलेलं. त्यांच्या बेसवर गुळगुळीत, चपट्या बांधणीच्या तारा होत्या, यांच्यासारख्याच, आणि त्यांनीही त्या कधी बदलल्या नव्हत्या. तिने त्यांना आमची हकिगत सांगितली. ते म्हणाले, ने, काढून दे त्यांना. ती स्वतः आणून देऊन गेली, कागदात गुंडाळून. भावजींनी त्या न पुसता चढवल्या. मी बघितलं, हातात रुमाल होता त्यांच्या, पण लावला नाही.

त्या रविवारी मी बटाटे सोलत होते. बाहेरून धुप आलं. एक. मग तीन. आणि मग यांचं ते नेहमीचं, सरावाच्या सुरुवातीला वाजवायचे ते, भावजींनी ते आठवून आठवून बसवलं होतं. माझा हात थांबला. आखूड, गोल, उशीवर मूठ मारल्यासारखा. भिंतीतून जसा यायचा अगदी तसा. शेल्फावरची वाटी नेहमीसारखी किंचित थरथरली. मी डोळे मिटले. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की काय सांगू. हे बाहेर बसलेत. रविवार आहे. सगळं जागच्या जागी आहे.

मग वाजणं थांबलं.

थांबलं की हे आत यायचे. दर वेळी. बोटं चोळत यायचे, माझ्या मागून हात घालून कच्च्या बटाट्याची फोड उचलायचे, आणि मी हातावर चापट मारायची. मी उभी होते. सोललेला बटाटा हातात, पाठ दाराकडे. मी खरोखर वाट बघत होते. थोडा वेळ गेला, आणखी थोडा गेला. कुणी आलं नाही. आवाज हुबेहूब आला होता आणि माणूस आला नव्हता. तेव्हा मी रडले. हे गेल्यापासून लोकांसमोर रडले होते, मुलीच्या गळ्यात पडून रडले होते, पण असं नव्हते रडले. ओट्याला धरून, आवाज करून रडले.

भावजी आत आले नाहीत. दाराशी आले असावेत आणि तिथेच थांबले असावेत. बऱ्याच वेळाने बाहेरून आवाज आला.

"लागतंय का अजून कुठे?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे. तोच आहे."

मग ते म्हणाले, "मग आता रविवारचं मी यायला नको ना?"

अगदी साधं विचारलं त्यांनी, काम संपल्यावर विचारतात तसं. या माणसाचा भाऊ गेला होता. रविवारचं ताट गेलं होतं, "बदल रे" म्हणायला जागा राहिली नव्हती. सगळे मला भेटायला आले, माझ्याजवळ बसले. त्यांना दिराच्या नात्याने पाणी आणायला, खुर्च्या मांडायला लावलं. तुम्हाला कसं वाटतंय भावजी, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. वर भांडले.

मी डोळे पुसून बाहेर आले. ते खुर्चीवर बसले होते, बेस मांडीवर, नखांत प्लॅस्टर, केस पार पिकलेले. त्यांचेही डोळे लाल होते. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. तिथे बसून मी कधी ऐकलं नव्हतं.

"वाजवा," मी म्हटलं.

"दादाचंच?"

"नको. तुमचं वाजवा."

"माझं काही नाही हो वहिनी. मला येत नाही."

"मग शिका," मी म्हटलं. "रविवारी येताच आहात. मी बसते इथे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तारांकडे. आणि कुठून सुरू करावं ते शोधत, चुकत, एकेक तार वाजवायला लागले.